मूल हेलिकॉप्टरमध्ये, आईवडील रस्त्यावर

उन्हाळी सुट्टीत ॲन आर्बरचे एक मराठी कुटुंब ट्रॅव्हर्स सिटीला गेले आहे, अशी कल्पना करा. आठ वर्षांची मुलगी सायकलवरून पडते. डोक्याला गंभीर मार लागतो. तिला मोठ्या बालरुग्णालयात हलवावे लागेल, असे स्थानिक डॉक्टर सांगतात. ॲन आर्बर रस्त्याने सुमारे चार तासांवर. हेलिकॉप्टर बोलावले जाते.

मिशिगन विद्यापीठाची ‘सर्व्हायव्हल फ्लाइट’ ही सेवा १९८३ पासून असे रुग्ण आणते. प्रशिक्षित परिचारिका उड्डाणातही उपचार चालू ठेवतात. म्हणजे हा केवळ प्रवास नव्हे, तर फिरता अतिदक्षता विभागच असतो. मात्र जागा आणि वजन यांच्या मर्यादेमुळे पालकांना सोबत घेतले जाईलच, याची खात्री नसते. म्हणून उड्डाणापूर्वी मुलीची ॲलर्जी, चालू औषधे आणि आपला फोन क्रमांक पथकाला सांगावा, आणि शक्य असल्यास गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्यावी. घाबरलेल्या मनाने हेलिकॉप्टरचा पाठलाग करू नये.

मूल सावरू लागते, तेव्हा बिल येते. अमेरिकी सरकारच्या लेखा कार्यालयाने २०१९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २०१७ मध्ये हेलिकॉप्टरच्या एका फेरीच्या आकारणीचा मध्यक सुमारे ३६,४०० डॉलर होता. अभ्यासलेल्या फेऱ्यांपैकी ६९ टक्के विमा कंपन्यांच्या नेटवर्कबाहेरच्या होत्या. विमानसेवांच्या दरांवरील राज्यांचे नियंत्रण १९७८ च्या संघीय कायद्याने काढून घेतल्यामुळे राज्य सरकारांचेही हात बांधलेले होते.

१ जानेवारी २०२२ पासून ‘नो सरप्रायझेस ॲक्ट’ लागू झाला. नोकरीतून मिळालेला किंवा स्वतः घेतलेला नियमित आरोग्यविमा असेल आणि त्यात हवाई रुग्णवाहिकेचा समावेश असेल, तर नेटवर्कबाहेरची सेवा आली तरी कुटुंबाने नेटवर्कमधील दराप्रमाणेच आपला वाटा भरायचा. उरलेल्या रकमेचा वाद विमा कंपनी आणि सेवादाता यांनी आपसांत मिटवायचा. जमिनीवरच्या रुग्णवाहिकेला मात्र हे संरक्षण नाही.

आपल्या घरांसाठी आणखी एक फट महत्त्वाची आहे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांचा प्रवासविमा किंवा नोकरी बदलताना घेतलेला अल्पमुदतीचा विमा या कायद्याच्या कक्षेत येत नाही. अशा पॉलिसीत हवाई वाहतुकीची मर्यादा किती आहे, हे विकत घेण्यापूर्वीच वाचावे.

‘हवाई वाहतूक वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हती’ असे सांगून विमा कंपनीने दावा फेटाळला, तरी लगेच पैसे भरू नयेत. अपिलासाठी साधारणतः १८० दिवस मिळतात. रस्त्याने नेणे धोक्याचे का होते, हे सांगणारे डॉक्टरांचे पत्र त्यासोबत जोडावे.

अपघाताच्या क्षणी कोणते हेलिकॉप्टर येणार, हे पालक ठरवत नाहीत. त्यांनी तेव्हा फक्त मुलाकडे पाहावे. विम्याची कागदपत्रे वाचायची असतात ती त्याआधीच्या एखाद्या शांत रविवारी.