शिवनीचे अस्वल

दिग्रससारख्या गावातील मुलांना शनिवारची सकाळ म्हणजे शाळेची सकाळ. डोळ्यांवरची झोप पुरती उतरलेली नसते, तोच प्रार्थनेची घंटा होते. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत मात्र शनिवारी शाळा नसते. तेथील दूरचित्रवाणी संस्थांच्या ध्यानी आले, की या वेळी वडील मंडळी अंथरुणात असतात आणि घरातील पडदा सर्वस्वी मुलांच्या ताब्यात असतो. इसवी सन १९६० नंतरच्या दशकात या संस्थांनी शनिवारच्या सकाळी हलत्या चित्रांच्या मालिकांनी भरून टाकल्या. त्यांचा खर्च खेळणी आणि साखरेचे खाद्यपदार्थ विकणारे व्यापारी जाहिरातींच्या रूपाने देत. मुलांच्या करमणुकीमागे असा रोकडा हिशेब होता, हे सांगितलेले बरे.

हलते चित्र म्हणजे मोठ्या कष्टाचे काम. चित्रपटाच्या पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. एकच चित्र दोन चौकटी ठेवले, तरी सेकंदाला बारा चित्रे काढावी लागतात. या हिशेबाने बावीस मिनिटांच्या एका भागाला पंधरा हजारांहून अधिक चित्रे लागतील. एवढे श्रम आणि पैसा ओतायचा, तर ती पात्रे मुलांना आवडतील याची खात्री कोणाला नको? म्हणून लोकांच्या परिचयाचे पात्र जुन्या गोष्टीतून उचलायचे आणि त्याच्याभोवती नवी मालिका रचायची, अशी रीत पडली. वडाची पारंबी जमिनीत रुजावी आणि तिचेच एक खोड व्हावे, तशी ही उपमालिका. अशाच एका पारंबीचे मूळ विदर्भाच्या शेजारी आहे.

रडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला. त्याचे 'जंगल बुक' हे पुस्तक १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते लिहिताना तो अमेरिकेतील व्हरमाँट या बर्फाळ प्रांतात राहत होता. परंतु लांडग्यांनी वाढविलेल्या मोगलीची कथा त्याने घडविली ती मध्य भारतातील शिवनीच्या डोंगरांत. त्या कथेतील शेरखान वाघ वैनगंगेच्या काठी राहतो. तो जन्मतः लंगडा आहे. मोगलीचा गुरू बालू हे अस्वल आहे. बालू हे नाव हिंदी 'भालू'वरूनच आले. हा बालू गंभीर वृत्तीचा शिक्षक आहे. लांडग्यांच्या पिलांना तो वनाचे कायदे पाठ करायला लावतो आणि पाठ चुकला तर पंजाचा प्रसादही देतो.

वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने या कथेवर चित्रपट काढला. तो १९६७ च्या ऑक्टोबरात पडद्यावर आला. पण तो पाहण्यास डिस्ने उरले नव्हते. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले होते. चित्रपटात बालूचा कायापालट झाला. कायदे शिकविणारा गुरुजी गेला आणि गाणारा, नाचणारा, पोटभर खाऊन निवांत पडणारा मित्र आला. पुस्तकात मोगलीच्या बाजूने लढणारा का नावाचा अजगर येथे कपटी झाला. माकडांना लुई नावाचा राजा मिळाला आणि तोही ओरांगउटान जातीचा! ओरांगउटान सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवर राहतो. भारताच्या रानात तो कधी कोणाला भेटायचा नाही. चित्रपटकर्त्यांनी भूगोलाचा तास चुकविला असावा.

या चित्रपटाला दोन पारंब्या फुटल्या. १९९० साली 'टेलस्पिन' ही मालिका निघाली. तीत बालू वैमानिक आहे. तो सागरी विमानातून माल वाहतो, आणि शेरखान कोट घालून मोठा उद्योगपती बनला आहे. दुसरी पारंबी शनिवारच्या सकाळची. डिस्ने संस्थेने १९९६ च्या आरंभी एबीसी ही दूरचित्रवाणी संस्था विकत घेतली. घर स्वतःचे झाले, की त्यात सामानही स्वतःचे मांडावेसे वाटते. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला 'जंगल कब्ज', म्हणजे रानातील पिले, ही मालिका सुरू झाली. नामांकित पात्रांचे बालपण रंगविण्याची टूम तेव्हा नवी नव्हती; स्कूबी-डू या कुत्र्याचेही पिलू १९८८ मध्येच पडद्यावर येऊन गेले होते. 'जंगल कब्ज'मध्ये मोगली नाही. बालू, बघीरा, हाथी, लुई, का आणि शेरखान ही सारी पिले एकत्र खेळतात. पुढे ज्यांचे वैर जुळायचे, ते येथे सवंगडी आहेत. या मालिकेतील खरी गंमत आणि थोडी हुरहूर हीच. खोडकर, बढाईखोर शेरखान हसवतो. पण तो पुढे कोण होणार, हे पाहणाऱ्या मुलाला ठाऊक असते.

मालिका फार टिकली नाही. एकवीस भागांनंतर १९९८ च्या जानेवारीत ती थांबली. शनिवारची ती प्रथाही तेव्हा उतरणीला लागली होती. अहोरात्र मुलांसाठीच चालणाऱ्या वाहिन्या आल्यावर एका सकाळीची वाट कोण पाहणार? अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रक्षेपणातील अशा कार्यक्रमांचा अखेरचा गट २७ सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाला.

आपल्याकडे मान मिळाला तो रविवारला. १९९३ पासून दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' ही जपानी मालिका हिंदीतून दिसू लागली. तिच्या शीर्षकगीताचे शब्द गुलजार यांचे आणि संगीत विशाल भारद्वाज यांचे. वैमानिक बालूही त्याच दशकात रविवारीच घरोघर आला. शेजारच्या रानातील अस्वल अमेरिका आणि जपान फिरून दारी परतले, ते असे.

दरम्यान खरे अस्वल होते तेथेच आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या अभयारण्यात ते आढळते. अंग काळे, केस लांब आणि राठ, छातीवर पांढरट अर्धचंद्र. लांब नख्यांनी ते वारूळ फोडते आणि लांबट तोंडाने वाळवी ओढून घेते. मोहाची फुले आणि मध त्याला प्रिय. ते नाचत नाही की गात नाही. पहाटे मोह वेचणाऱ्या माणसाची आणि त्याची अवचित गाठ पडली, तर ते भिऊन अंगावर धावते. म्हणून रानाकाठची जाणती माणसे मोह वेचायला एकटी जात नाहीत, आणि जाताना मोठ्याने बोलत जातात.

आणि शेरखानाची वैनगंगा? ती शिवनी जिल्ह्यात उगम पावून भंडारा, गडचिरोली अशी दक्षिणेला वाहते. दिग्रसजवळची अरुणावती पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि वर्धा वैनगंगेला. तेथून पुढे त्या नदीला प्राणहिता म्हणतात.