सागराच्या अंतरंगांत डोकावतांना

पोहतां येणें निराळें आणि समुद्रांत निर्भय असणें निराळें, हा धडा आम्हांस वयाच्या पासष्टाव्या वर्षीं मिळाला. लहानपणीं कृष्णेच्या डोहांत आम्हीं पुष्कळ उड्या मारल्या होत्या. त्या जुन्या पुण्याईवर विसंबून गेल्या मार्गशीर्षांत मुलगा, सूनबाई व दहा वर्षांची नात यांच्यासह आम्ही कोचीहून जहाजानें लक्षद्वीपच्या सफरीस निघालों. रात्र जहाजावर काढावयाची व दिवसा बेटावर उतरावयाचें, असा क्रम होता.

स्नॉर्केलिंग म्हणजे डोळ्यांवर व नाकावर काचेचा मुखवटा चढवून, तोंडांत वांकडी नळी धरून, पालथें तरंगत पाण्याखालचें जग पाहणें. नाक बंद असल्यामुळें श्वास तोंडानेंच घ्यावा लागतो. जन्माची संवय मोडणें हेंच यांतील कठीण काम होय. पहिल्या दिवशीं नावाड्यानें, उथळांत उतरणार कीं खोलांत, असें विचारलें असतां आम्हीं ऐटीनें खोल जागा मागितली. पांच मिनिटांतच एक लाट नळींत शिरली. खारें पाणी घशांत गेलें, पाय टेकावयास तळ सांपडेना, आणि अंगांत लाइफ जॅकेट असूनही आमची गाळण उडाली. नावाड्यानें हात धरून आम्हांस नावेंत घेतलें. यांत दोष त्याचा नव्हता; जागा आम्हींच मागितली होती.

लक्षद्वीपचीं बहुतेक बेटें प्रवाळांच्या कंकणांवर वसलेलीं आहेत. कंकणाबाहेर तळ एकाएकीं खोल जातो. आंत मात्र उथळ, हिरव्यानिळ्या पाण्याचें सरोवर असतें. त्यास लगून म्हणतात. समुद्राची लाट प्रवाळाच्या कांठावर फुटते, म्हणून आंतील पाणी शांत राहतें. परंतु कांठावरून आंत आलेलें पाणी पुनः बाहेर पडावयास हवें. तें कांठांतील खिंडींतून पडतें, आणि ओहोटीच्या वेळीं तेथें ओढ फार असते. नवशिक्यानें या खिंडींपासून दूरच राहावें. चुकून ओढींत सांपडल्यास तिच्याशीं झुंजूं नये. आडव्या दिशेनें बाजूस सरावें व हात उंच करून मदत मागावी.

जागा निवडतांना वाचकांनीं चार गोष्टी विचाराव्या. छातीभर पाण्यांत पाय टेकतात काय? तळ वाळूचा आहे काय? बाहेर निघण्याची वाट उतरण्यापूर्वींच दिसते काय? जाणता मनुष्य जवळ राहणार आहे काय? चारहि उत्तरें होकारार्थी आलीं तरच उतरावें. हृदयविकार वा दमा असणाऱ्यांनीं आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि एकट्यानें तर कोणींच जाऊं नये.

तळ वाळूचाच कां, हेंहि सांगितलें पाहिजे. अंगठींतल्या पोंवळ्यामुळें आपण प्रवाळास रत्न समजतों. तें पोंवळें निराळ्या जातीचें. पण बेटें रचणारे प्रवाळहि मूळचे सूक्ष्म जीवच आहेत. त्यांवर पाय ठेवला तर आपला तळवा कापतो आणि त्यांचें घर मोडतें. समुद्र तापल्यामुळें १९९८, २०१०, २०१६ व २०२४ या सालीं येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणांत पांढरे पडले. जे उरले आहेत ते तरी आपल्या पायांखालीं जाऊं नयेत.

दुसऱ्या दिवशीं आम्ही कल्पेनीस उतरलों. कल्पेनी, चेरियम, तिलक्कम व पिट्टी हीं मिळून एकच प्रवाळकंकण आहे, व त्याचें लगून विस्तीर्ण आहे. आम्ही कांठावर माडाच्या सावलींत बसून राहण्याचा निश्चय केला होता. लाज वाटत होती आणि भीतीहि वाटत होती. तेवढ्यांत नात येऊन म्हणाली, “आजोबा, आधीं कमरेइतक्या पाण्यांत नुसते उभे राहा. तोंड खाली घाला आणि हळूहळू श्वास घ्या. नळींत पाणी शिरलं तर जोरानं फुंका.”

अडतीस वर्षें आम्हीं मुलांस शिकविलें. त्या दिवशीं निमूटपणें शिष्य झालों. पाय वाळूवर होते, म्हणून मन स्थिर राहिलें. दहाव्या कीं बाराव्या श्वासास पाय आपोआप सुटले. खालीं प्रवाळाच्या झुडपाशीं हिरवेनिळे पोपटमासे चरत होते. भीति केव्हां गेली हें कळलेंहि नाहीं. डोकें वर काढलें तेव्हां नात शेजारींच, आमचा हात धरून उभी होती.