चालू गिझर बदलावा का?

कार्तिक सरत आला की जालन्यात पहाटेचा गारठा जाणवू लागतो आणि घराघरांत आंघोळीच्या पाण्याचा विषय निघतो. भोकरदन, घनसावंगीकडच्या शेतकऱ्याच्या अंगणात तांब्याचा बंब पेटतो. कापूस वेचून झाला की उपटलेल्या पऱ्हाट्यांची गंजी घरामागे लागलेलीच असते, तेव्हा जळणाचा खर्च नसतो. शहरात कुंडलिकेच्या दोन्ही बाजूंना, जुन्या जालन्यात काय अन्‌ नव्या जालन्यात काय, न्हाणीघराच्या भिंतीवर दहा-बारा वर्षांपूर्वीचा विजेचा गिझर असतो. काही घरांत गॅसवरचा असतो. बाजारात मात्र नव्या गिझरवर पाच स्टार चमकत असतात आणि दुकानदार सांगतो, ‘जुना वीज फार खातो, बदलून टाका.’ घरातले ज्येष्ठ म्हणतात, ‘चालू वस्तू कशाला काढायची?’

दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे. एखादा जुना गिझर आणखी पाच वर्षे बिनधास्त वापरता येतो, तर एखादा दोन वर्षांचा, उत्तम चालणारा गिझर आजच बंद करावा लागतो. निर्णय वयावर किंवा स्टारवर घ्यायचा नसतो. तो पाणी कशाने तापते, कुठे तापते आणि काही बिघडले तर माणसापर्यंत काय पोहोचते, यावर घ्यायचा असतो.

आधी हिशेब विजेचा

चार माणसांच्या घराला सकाळी साधारण शंभर लिटर ऊन पाणी लागते असे धरू. थंडीत टाकीतले पाणी २० अंश सेल्सिअस असेल आणि ते ४५ अंशांपर्यंत तापवायचे असेल, तर त्यासाठी सुमारे २.९ युनिट वीज लागते. महिन्याला झाले ८७ युनिट. हा आकडा जुन्या गिझरला लागू आहे तसाच नव्यालाही. विजेच्या कॉइलमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन पाण्यातच उतरते, त्यामुळे पाणी तापवण्याच्या कामात नवा गिझर जुन्यापेक्षा हुशार ठरू शकत नाही. तेवढे पाणी तेवढेच तापवायला तेवढीच वीज लागणार.

मग स्टार कशाचे? साठवणीच्या गिझरवरचे स्टार हे तापलेले पाणी नुसते पडून असताना किती उष्णता बाहेर निसटते, यावर दिले जातात. पंधरा लिटरचा सामान्य जुना गिझर दिवसभर चालू ठेवला, तर पाणी ऊन राखण्यातच रोज सुमारे एक युनिट जाऊ शकते. चांगल्या आवरणाच्या नव्या गिझरमध्ये ही गळती निम्म्याच्या आसपास येते. म्हणजे वाचले रोज अर्धा युनिट, महिन्याला पंधरा. हिवाळ्याचे चार महिने धरले तर साठ युनिट. आणि ही बचतसुद्धा गिझर चोवीस तास चालू ठेवणाऱ्या घरालाच. आंघोळीच्या आधी वीस-पंचवीस मिनिटे बटण दाबून नंतर बंद करणाऱ्या घरात दोन्ही गिझरच्या बिलात नजरेत भरेल असा फरक पडत नाही. दोन किलोवॉटची कॉइल पंधरा लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर एकवीस मिनिटांत नेते. त्याहून आधी तो सुरू करण्याचे कारण नाही.

घरच्या गिझरचे आवरण कसे आहे, हे घरीच तपासता येते. रात्री पाणी पूर्ण तापवून बटण बंद करावे आणि सकाळी बादलीत काढून पाहावे. पाणी अजून चांगले ऊन असेल तर आवरण शाबूत आहे. कोमट किंवा गार झाले असेल तर उष्णता निसटते आहे, पण त्यावरही पहिला उपाय बटणाची शिस्त हाच आहे.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि त्यापुढच्यांचा बराच जास्त असतो. गिझरचे ८७ युनिट भरीला पडले की घर पुढच्या टप्प्यात जाते, आणि बिल पाहून ‘गिझर जुना झाला’ असा निष्कर्ष निघतो. याच हिशेबातून बरीच कुटुंबे गॅसच्या गिझरकडे वळतात. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून गिझरद्वारे साधारण १४५ युनिट विजेइतकी उष्णता पाण्याला मिळते. हिशेब आकर्षक आहे, पण इथे पैशाआधी दुसरी गोष्ट पाहावी लागते.

बंद न्हाणीघरातली ज्योत

गॅस जळायला प्राणवायू लागतो. चार बाय सहा फुटांच्या न्हाणीघरात दार लावलेले, थंडी म्हणून खिडकीवर पुठ्ठा मारलेला आणि भिंतीवर गॅसचा गिझर असेल, तर ज्योत आणि आंघोळ करणारा माणूस एकाच हवेवर जगत असतात. प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत चुरचुर नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. फुप्फुसे नेहमीसारखी श्वास घेत राहतात, पण मेंदूपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते, आणि कडी काढण्याआधीच माणूस खाली कोसळतो.

न्हाणीघरात बेशुद्ध सापडलेल्या, झटके आलेल्या रुग्णांचा तपास करताना गॅस गिझर हे कारण निघाल्याची उदाहरणे भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी वेळोवेळी नोंदवली आहेत. अनेकदा घरच्यांना आधी फिट किंवा हृदयविकार वाटतो. न्हाणीघरात कोणी असे सापडले तर दार-खिडक्या उघडून त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना ‘घरात गॅसचा गिझर चालू होता’ हे आवर्जून सांगावे. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला तर तेच काम साधारण दीड तासात होते. म्हणून हे एक वाक्य महत्त्वाचे.

तेव्हा गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत असेल, तर तो कितीही नवा आणि कितीही चांगला चालत असला तरी तिथून हलवावा. बाहेर, मोकळ्या हवेच्या भिंतीवर तो बसवून फक्त उन्हाळीची नळी आत आणता येते. तोवर दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा आणि मगच आंघोळीला बसावे.

बंबालाही हाच नियम. बंबाची रचना साधी आणि अक्कलहुशारीची आहे. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी, खाली राख, बाजूला तोटी. अंगणात, उघड्यावर तो चालतो. मात्र पावसाळी हवेत किंवा थंडीत तो पडवीत, न्हाणीत ओढून घेतला की धूर घरात राहतो. निखारे लाल झाले, धूर दिसेनासा झाला, की लोकांना वाटते आता धोका टळला. प्रत्यक्षात कार्बन मोनॉक्साइड धगधगत्या निखाऱ्यांतूनच भरपूर निघतो. लाकूड, गोवऱ्या, पिकांचे अवशेष अशा जळणामुळे घरातली हवा दूषित होऊन २०२० या एका वर्षात जगभरात अंदाजे ३२ लाख मृत्यू झाले, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बंबाजवळ पहाटे सर्वाधिक वेळ बसते ती घरातली बाई, आणि ऊब म्हणून तिच्या शेजारी बसतात ती लेकरे.

पाणी जड, जमीन कोरडी

विजेच्या गिझरला धूर नाही, पण जालन्यात त्याचे दोन वैरी आहेत. पहिला म्हणजे जड पाणी. घाणेवाडीचे किंवा जायकवाडीचे नळाचे पाणी रोज येत नाही, त्यामुळे बोअरवर भिस्त असते. काळ्या पाषाणातून झिरपलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापले की त्यांतला चुना पांढऱ्या थराच्या रूपात कॉइलवर बसतो. कॉइलची उष्णता बाहेर पडायला अडथळा झाला की ती आतल्या आत जास्त तापते आणि जळते. पाणी तापताना तडतड आवाज, बादलीत पांढरे कण, नेहमीपेक्षा लागणारा जास्त वेळ ही त्याची लक्षणे. यासाठी गिझर टाकायची गरज नसते. दरवर्षी दिवाळीआधी तो उघडून कॉइल साफ करून घ्यावी. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते. ती संपली असेल तर बदलावी. ती बदलली नाही की टाकी गंजू लागते, आणि टाकीच गळू लागली तर मात्र डागडुजी करत बसू नये. तो गिझर संपला.

दुसरा वैरी म्हणजे नसलेले अर्थिंग. जुन्या वाड्यांत, जुन्या वायरिंगमध्ये तिसरी तार अनेकदा नुसती शोभेची असते. अर्थिंग असले तरी मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की त्याचा उपयोग घटतो, म्हणून तर जाणकार वायरमन खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायला सांगतो. कॉइल फुटली आणि अर्थिंग नसले तर प्रवाह पाण्यातून, ओल्या अंगातून जमिनीकडे वाट काढतो. तोटीला हात लावताच हलक्या झिणझिण्या आल्या, तरी गिझर त्याच क्षणी बंद करावा. उपाय आहे तो मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळती ओळखणारा स्विच बसवण्याचा, ज्याला वायरमन आरसीसीबी म्हणतात. नव्या गिझरपेक्षा त्याचा खर्च बराच कमी असतो आणि तो सगळ्या घराला राखतो. हा स्विच आणि खरे अर्थिंग नसेल, तर पाच स्टारचा नवा गिझरही तितकाच धोक्याचा.

आणखी एक छोटी वस्तू म्हणजे सुरक्षा झडप. पाणी तापले की फुगते. पंधरा लिटरमागे जवळपास पाव लिटर जागा जास्त लागते. म्हणून तापताना झडपेतून थेंब टपकणे हे ती शाबूत असल्याचे लक्षण आहे. टपकते म्हणून तिला बूच मारण्याची चूक करू नये. त्यात थर्मोस्टॅटही बिघडला तर बंद टाकीत वाफेचा दाब वाढत जातो आणि गिझर फुटतो.

बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग ऊन. साठ अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडीही पाच सेकंदांत भाजते, लहान मुलाची त्याहून आधी.

मग पैसे कुठे घालावे?

टाकी गळत नाही, झडप चालते, थर्मोस्टॅट वेळेवर तोडतो, अर्थिंग खरे आहे, एवढे जुळले की जुना विजेचा गिझर ठेवावा. बदलण्याचे पैसे आधी अर्थिंग आणि स्विचवर, मग साफसफाईवर खर्च करावेत. त्यानंतरही हातात रक्कम उरली, तर दुसरा गिझर घेण्यापेक्षा छताकडे पाहावे. मराठवाड्यात हिवाळ्यातले ऊन लख्ख असते. शंभर लिटरचा सौर बंब दुपारी तापवलेले पाणी रात्रभर आवरणात ऊन ठेवतो आणि ८७ युनिटांपैकी बहुतेक वाचवतो. तिथेही जड पाण्याचा विचार करावा. सपाट पेटीतल्या बारीक तांब्याच्या नळ्या चुन्याने लवकर तुंबतात, काचेच्या रुंद नळ्या त्या मानाने टिकतात. जुना विजेचा गिझर अशा वेळी ढगाळ दिवसांसाठी भिंतीवर तसाच राहू द्यावा.

आणि बंब? तो मोडीत घालायची घाई नको. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगणात, उघड्या आभाळाखाली तो पेटवायला काहीच हरकत नाही. फक्त थंडी वाढली म्हणून त्याला घरात घेऊ नये.