खाण गेली, गाव राहिलं

मुलांनो, समजा एके दिवशी तुमच्या गावात बातमी आली, की सात महिन्यांनी इथला मोठा कारखाना बंद! मग आईबाबा काय करतील? तुमच्या वर्गात किती मुलं उरतील?

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, अगदी उत्तरेला, अथाबास्का सरोवराजवळच्या एका गावात हे खरंच घडलं. गावाचं नाव युरेनियम सिटी. आता 'सिटी' फक्त नावात उरलीय!

अणुभट्टीत इंधन म्हणून लागणाऱ्या युरेनियमच्या खाणींसाठी १९५२ साली हे गाव वसवलं. जवळच गोल्डफील्ड्स नावाचं गाव होतं. तिथली सोन्याची खाण बंद पडलेली. मग तिथल्या कितीतरी इमारतीच उचलून इकडे आणल्या! वस्ती वाढत वाढत हजारांच्या घरात गेली. नवं हायस्कूल झालं. त्याचं नाव 'कँडू', म्हणजे कॅनडातल्या अणुभट्टीचं. आपल्या राजस्थानात रावतभाट्याला आहेत ना, त्याच जातीची अणुभट्टी.

आणि ३ डिसेंबर १९८१ ला ती बातमी आली. ३० जून १९८२ ला मुख्य खाण बंद झाली. पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबं सामान बांधून निघाली. घरं, दुकानं ओस पडली. कँडू हायस्कूललाही कुलूप लागलं.

पण सगळेच गेले नाहीत. खाणी येण्याच्या कितीतरी आधीपासून या भागात डेने आणि मेटी लोक राहत. मेटी म्हणजे कोण? फरच्या व्यापारासाठी आलेले युरोपी पुरुष आणि इथल्या आदिवासी स्त्रिया यांचे वंशज. त्यांची एक भाषा आहे, मिचिफ. तिच्यात क्रियापदं बहुतेक क्री या आदिवासी भाषेतली, तर नामं बहुतेक फ्रेंच! गंमत म्हणजे खाण बंद झाली त्याच १९८२ साली कॅनडाच्या राज्यघटनेनं मेटींना मूलनिवासी म्हणून मान्यता दिली.

आज युरेनियम सिटीत शंभर माणसंही नाहीत. यायचं तर विमानानं, नाहीतर हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरच्या बर्फाच्या वाटेनं. खाण बंद होऊन चाळीस वर्षं उलटली, तरी जुन्या खाणींच्या जागा साफ करण्याचं आणि पाणी तपासण्याचं काम संपलेलं नाही.

खाणीतून काय काढलं, ते आपण भूगोलात पाठ करतो. पण मागे काय उरलं आणि कोण उरलं, तेही विचारायला हवं, नाही का? नकाशा उघडा, अथाबास्का सरोवर शोधा आणि हा प्रश्न उद्या वर्गात बाईंना जरूर विचारा!