बाप्तिस्म्याची पूर्वतयारी

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा संस्कार, घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो काही वर्षांनी, स्वतःच्या विचाराने स्वीकारला, आणि हे स्वातंत्र्य फार मोलाचे आहे. २००५ मध्ये स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग कॅथलिक धर्मप्रांतात आज टिळकांचा हा रत्नागिरी जिल्हाही येतो. तिथल्या कॅथलिक परंपरेत बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रौढाला आधी धर्मशिक्षण घ्यावे लागते, तर बालकासाठी आईवडील धर्मगुरूंना भेटून धर्मपिता वा धर्ममाता, म्हणजे त्याच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी, सामान्यतः सोळा वर्षे पूर्ण झालेली कॅथलिक व्यक्ती, निवडतात. मस्तकावर तीनदा पाणी ओतून पवित्र तेलाचे विलेपन झाल्यावर नाव चर्चच्या नोंदवहीत चढते, जिच्यात पुढे विवाहाचीही नोंद होते.