अर्ध्या तासाने, त्याच जागी

कोणत्याही सार्वजनिक संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना हाती घेऊन पाहा. विषय ठरलेले असतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, अहवाल व हिशेबपत्रके मंजूर करणे, हिशेबतपासनीस नेमणे आणि शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. त्याखाली, बहुधा बारीक टायपात, एक टीप असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही.

नियमाच्या दृष्टीने ही टीप अगदी चोख आहे. कोणी आले नाही म्हणून संस्थेचा कारभार अडू नये, एवढाच तिचा हेतू. पण वर्षानुवर्षे तीच टीप कामी येऊ लागली की तिचा अर्थ बदलतो. सभा बोलावणाऱ्यांनीच गृहीत धरलेले असते की कोणी येणार नाही. मग सतरंजीवर चार आणि व्यासपीठावर पाच अशी सभा भरते, वर्षभराचा जमाखर्च वीस मिनिटांत मंजूर होतो आणि चहा घेऊन मंडळी पांगतात. वाचनालय असो, महिला मंडळ असो, रुग्णांना मदत करणारा एखादा ट्रस्ट असो. चित्र फारसे वेगळे नसते.

‘हल्ली लोकांना वेळच नाही हो,’ हे यावरचे ठरलेले उत्तर. ते अर्धेच खरे आहे. हीच माणसे लग्नकार्याला वेळ काढतात, गणेशोत्सवात रात्र रात्र राबतात, कोणाला रक्त हवे आहे म्हटले की धावत जातात. जिथे आपल्या जाण्याने काही फरक पडतो, तिथे माणूस जातो. सभेला तो जात नाही, कारण त्याच्या येण्या न येण्याने तिथे काहीच बदलणार नसते. निर्णय आधीच झालेला असतो. त्याने फक्त हात वर करायचा असतो.

म्हणून सभेची आखणी हॉलच्या भाड्यापासून किंवा बटाटेवड्यांच्या संख्येपासून करायची नसते. ती एका प्रश्नापासून करायची असते: ही सभा संपल्यावर कोणती गोष्ट आजच्यापेक्षा वेगळी झालेली हवी? याचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही, तर सभा पुढे ढकललेली बरी.

हा विचार काही आयात केलेला नाही. पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली. ज्यांना पुढे सगळे ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले, ते गणेश वासुदेव जोशी तिचे प्रमुख कार्यकर्ते. या सभेत नुसते नाव नोंदवून कोणी सभासद होत नसे. लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. बैठकीला येणारा माणूस एकटा येत नव्हता, तो आपल्यामागच्या माणसांचे म्हणणे घेऊन येत होता आणि परत गेल्यावर त्यांना उत्तर देणे लागत होता. १८७६-७७च्या दुष्काळात या सभेने गावोगावची माहिती जमवून ती सरकारपुढे ठेवली. ते बळ भाषणांतून आलेले नव्हते. आपल्या कमिटीतील प्रत्येक सदस्य कोणाच्या वतीने बोलतो, हा प्रश्न आजही विचारून पाहण्यासारखा आहे.

दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्याचे. मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड आदिवासी गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर पोचली. घोषणेमागची बैठकीची रीत मात्र तेवढी पोचली नाही. या गावाने दोन प्रकारच्या बैठका वेगळ्या ठेवल्या. एक अभ्यासगटाची. तिथे विषय समजून घ्यायचा, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलावून शंका विचारायच्या. निर्णय मात्र घ्यायचा नाही. दुसरी ग्रामसभेची. निर्णय तिथे होतो आणि तो बहुमताने होत नाही, सर्वांच्या सहमतीने होतो. एकाचेही मन वळले नसेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. वाट पाहावी लागते, पण झालेला निर्णय नंतर कोणी मोडत नाही. याच गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते.

आपल्या शहरी संस्थांच्या बैठका बिघडतात त्या बहुतेक इथेच. माहिती देणे, चर्चा करणे आणि निर्णय घेणे ही तिन्ही कामे आपण एकाच संध्याकाळी, एकाच दमात उरकू पाहतो. सचिव अहवाल वाचतात त्यात पाऊण तास जातो. मग कोणी तरी जुने उणेदुणे काढतो. आणि सर्वांत महत्त्वाचा विषय, समजा वाचनालयाची जागा बदलावी की नाही हा, नऊ वाजता सुरू होतो. तोवर निम्मी माणसे घड्याळाकडे पाहून उठलेली असतात. अहवाल चार दिवस आधी घरोघरी पोचवता येतो. आता तर तो मोबाइलवरच्या गटात टाकायला क्षणही लागत नाही. जे वाचून कळते, ते ऐकायला माणसांना घराबाहेर काढू नये. एकत्र बसून जे होते आणि एकेकट्याने होत नाही, तेवढेच सभेत आणावे.

एक साधा हिशेब करून पाहा. वीस माणसे तीन तास बसली, तर संस्थेचे साठ तास खर्च झाले. तेवढ्याच वेळात वीस कार्यकर्ते वस्तीतल्या शंभरेक घरांत जाऊन आले असते. पैशाचा हिशेब आपण पैपैचा ठेवतो आणि त्यावर हिशेबतपासनीसही नेमतो. या साठ तासांचा हिशेब मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

बैठकीतून माणसे घडतातही, याचा दाखला अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडला मिळतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, काही दलित समाजातल्या होत्या. या बायका नेमाने जामखेडला जमत, गोल करून बसत आणि आपापल्या गावात काय घडले ते सांगत. कोणाचे मूल हगवणीने आजारी पडले, कोणती बाळंतीण अडली, कोणत्या घराने ऐकले आणि कोणत्या घराने हाकलले. एकीचा अनुभव दुसरीचा धडा होई. एकत्र राहणे-जेवणे घडे, त्यातून जातीची भिंतही ढासळत गेली. तिथे शाल-श्रीफळ नव्हते. पण परतणारी प्रत्येक बाई पुढच्या आठवड्यात करायचे काहीतरी बरोबर घेऊन जात होती.

याच जामखेडच्या कामात गावातल्या पुरुषांना एकत्र आणायचे होते. सभा बोलावली असती, तर ज्याची त्याची माणसे आपापल्या पारावर बसली असती. म्हणून व्हॉलीबॉलचे खेळ सुरू केले. खर्च नाममात्र, चेंडू आणि जाळे. खेळायला वेगवेगळ्या जातींची मुले, बघायला सारा गाव. खेळ संपला की तिथेच गावच्या अडचणींवर बोलणे निघे. त्यातून पुढे तरुण शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. कार्यक्रम हेतूने आखणे म्हणतात ते हेच. खेळ हे निमित्त होते, एकत्र येणे हा हेतू होता, आणि दोन्हींची गल्लत झाली नाही.

आपले वर्धापनदिन या कसोटीवर लावून पाहा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, हारतुरे, मग पाहुण्यांचे भाषण आणि कंटाळलेल्या श्रोत्यांपुढे लांबलेले आभारप्रदर्शन. ज्या कामासाठी संस्था आहे, त्या कामाला यात दहा मिनिटेही येत नाहीत. कार्यक्रम नेमका कशासाठी, हे आधी ठरले तर त्याचे रूपच बदलते. देणगी हवी असेल, तर देणगीदाराला भाषण ऐकवण्यापेक्षा काम दाखवावे. नवे कार्यकर्ते हवे असतील, तर दारातच एक वही ठेवून, ‘महिन्यातून दोन तास देऊ शकाल का? कोणता वार सोयीचा?’ एवढे विचारावे. जुन्या कार्यकर्त्यांचे आभार मानायचे असतील, तर मोठ्या पाहुण्याची गरजच नाही. एकत्र जेवण पुरते. तिन्ही हेतू एकाच संध्याकाळी कोंबले की एकही साधत नाही.

बैठकीचे नियोजनही अवघड नाही. विषयपत्रिकेवर चारच विषय घ्यावेत आणि सर्वांत महत्त्वाचा विषय पहिला ठेवावा. ‘निधीबाबत चर्चा’ असे मोघम लिहू नये. ‘छपराच्या दुरुस्तीसाठी पैसे कोठून उभे करायचे’ असे लिहावे, म्हणजे येणारा विचार करून येतो. वेळ बायकांना आणि नोकरदारांना विचारून ठरवावी. खुर्च्या शक्यतो गोल मांडाव्यात, कारण रांगेतला माणूस श्रोता होतो आणि गोलातला सहभागी. अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावे. ते आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. कोणते काम, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत करायचे, हे उठण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावे. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच यादीने व्हावी.

इतिवृत्त ही तर बेफिकिरीने लिहायची गोष्टच नव्हे. सार्वजनिक न्यासाचे विश्वस्त बदलले की त्याचा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. पुढे वाद उद्भवला, तर सूचना सर्वांना पोचली होती का, सभा खरोखर झाली का, हेच तपासले जाते. घाईत उरकलेल्या एका सभेपायी नावारूपाला आलेली संस्था वर्षानुवर्षे तारखांच्या फेऱ्यात अडकते. यात हाल होतात ते तिच्या दारी मदतीला येणाऱ्यांचे.

संस्था एका दिवसात बंद पडत नाहीत. आधी सभेला येणारी माणसे कमी होतात, मग तीच ती नावे पदांवर फिरत राहतात. एके दिवशी सचिव थकतात आणि कपाटाची किल्ली घ्यायला कोणी उरत नाही. संस्थेने ज्यांना हात दिला असता, ती माणसे मात्र बाहेर तशीच उभी असतात. पुढच्या महिन्यात तुमच्या मंडळाची, सोसायटीची, पालक संघाची सूचना येईल, तेव्हा सचिवांना एवढेच विचारा: मी आले नाही, मी आलो नाही, तर काय अडेल? याचे खरेखुरे उत्तर ज्यांच्याजवळ असेल, त्यांच्या सभेला गणपूर्तीची चिंता पडणार नाही.