बंद पडलेलें व्हिडिओ-यंत्र

"मास्तर, ह्यांत आतां कांहीं राम राहिला नाहीं, भंगारांत घालून टाका," असें आमच्या ओळखीच्या एका कारागिरानें सांगितलें, तेव्हां आम्हांस वाईट वाटलें, पण आश्चर्य वाटलें नाहीं. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर, ज्यास घरोघर नुसतें "व्हीसीआर" म्हणत, तें यंत्र आतां कोणी नवें करीत नाहीं. तें करणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई. तिनेंही जुलै २०१६ मध्यें हें काम थांबविलें. अशा यंत्रावर पैसा व वेळ कोणीं कां खर्चावा, हा प्रश्न रास्त आहे.

आमचें उत्तर कपाटांतील दोन कॅसेटी हें होतें. त्यांपैकीं एकीवर आमच्या धाकट्या आत्याचें लग्न आहे. तें १९८९ सालीं खालापूर तालुक्यांतील चौक येथें झालें. घाणा भरतांना आमच्या आजीनें म्हटलेलीं गाणीं त्या फितीवर आहेत. आजीचीं छायाचित्रें आमच्यापाशीं पुष्कळ आहेत. आवाज मात्र तेवढाच. आमच्या मुलांनीं तो कधीं ऐकला नव्हता. यंत्र भंगारांत गेलें असतें, तर कॅसेट ही केवळ एक काळी पेटी होऊन राहिली असती. ज्यांच्या घरीं अशा पेट्या असतील, त्या पालकांस व त्यांच्या मुलांस उपयोग व्हावा, म्हणून आम्हीं केलेला खटाटोप येथें सांगत आहों.

प्रथम हें यंत्र काय करतें तें पाहूं. गाण्याच्या साध्या कॅसेटींत फीत सेकंदास सुमारें पावणेपांच सेंटिमीटर सरकते, आणि स्थिर बसविलेलें हेड तिच्यावरील चुंबकीय खुणा वाचतें. आवाजास एवढी गति पुरते. चित्रास ती पुरत नाहीं, कारण चित्रांतील बदल आवाजाच्या मानानें शेंकडों पट वेगानें होतात. व्हीएचएस पद्धतींत फीत आणि हेड यांच्यामधील वेग सेकंदास सुमारें ४·८५ मीटर ठेवावा लागतो. आतां, फीतच तेवढ्या वेगानें ओढावयाची म्हटलें, तर तीन तासांच्या चित्रपटास बावन्न किलोमीटर फीत लागेल; म्हणजे कर्जत स्टेशनावर एक टोंक धरून रुळाच्या कडेनें उलगडीत गेल्यास दुसरें टोंक डोंबिवलीस पोंचेल! प्रत्यक्षांत कॅसेटींत जेमतेम अडीचशें मीटर फीत असते, व ती सेकंदास २·३४ सेंटिमीटर इतक्या संथपणें सरकते.

हें साधलें कसें? फितीस पळविण्याऐवजीं हेडास फिरविलें. यंत्राच्या मध्यभागीं ६२ मिलिमीटर व्यासाचा एक चकचकीत ड्रम किंचित् कलता बसविलेला असतो. त्याच्या कडेस समोरासमोर दोन हेडें असतात, आणि आपल्याकडील पद्धतींत तो सेकंदास पंचवीस फेरे घेतो. ड्रम कलता असल्यामुळें हेडें फितीवर तिरप्या रेघा ओढीत जातात. प्रत्येक रेघ म्हणजे अर्धें चित्र. या रेघेची रुंदी एक मिलिमीटराचा विसावा भाग, म्हणजे आपल्या केसाएवढी किंवा त्याहून बारीक. आवाजाची साधी रेघ मात्र फितीच्या वरच्या कांठानें सरळ जाते, व खालच्या कांठावर वेगाचें नियमन करणाऱ्या खुणा असतात. कांठांची ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

तिरप्या रेघांची कल्पना याआधींची; परंतु ती घरगुती यंत्रांत आणण्याची चढाओढ सोनी कंपनीच्या १९७५ च्या बेटामॅक्सनें सुरू केली, आणि १९७६ सालीं जपान व्हिक्टर कंपनीनें शिझुओ ताकानो व युमा शिराइशी यांच्या देखरेखीखालीं तयार झालेली व्हीएचएस पद्धति बाजारांत आणली. आपल्या देशांत १९८२ सालीं रंगीत दूरदर्शन आलें, आणि त्या दशकांत व्हिडिओचें पीक आलें. कॅसेट भाड्यानें आणावयाची, शेजाऱ्यांस बोलवावयाचें, अंगणांत सतरंज्या अंथरावयाच्या, हें पालकांपैकीं पुष्कळांस आठवत असेल.

आमचें यंत्र १९९१ सालीं कोणाकडून तरी जुनें विकत घेतलेलें. तें रात्रंदिवस वीज लावून ठेविलेलें असे, कारण त्यांतील घड्याळ हेंच आमच्या घरांतलें बरोबर चालणारें एकमेव घड्याळ होतें. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत आमच्या वस्तींतील वीज गेली ती दोन दिवस आली नाहीं. ज्या खोपोलीच्या वीजगृहांतून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांस वीज जाऊं लागली, तें आमच्यापासून दूर नाहीं. पण झाडें तारांवर पडलीं म्हणजे वीजगृह जवळ असून उपयोग काय? तिसऱ्या दिवशीं दिवे लागले, पंखे फिरले, व्हिडिओ मात्र गप्प. पाणी त्यास शिवलेंही नव्हतें. आम्हीं त्यास धोतराच्या फडक्यांत गुंडाळून माळ्यावर ठेविलें, व तें तेथेंच राहिलें.

चालतें यंत्र केवळ वीज जाऊन आल्यानें कसें मेलें, याचा उलगडा आम्हांस फार उशिरा झाला. त्या काळच्या पुष्कळ यंत्रांत घरांतील विजेचा दाब उतरविणारा जो भाग असतो, त्यास चालू होण्यासाठीं प्रारंभीं एक धक्का लागतो. तो धक्का एक लहानसा कंडेन्सर देतो. एकदां चालू झाल्यावर तो भाग आपली गरज स्वतःच भागवितो. कंडेन्सरांत ओलसर द्रव्य असतें. वर्षानुवर्षें उष्णतेजवळ राहून तें सुकतें व कंडेन्सराची शक्ति क्षीण होते. यंत्र चालू आहे तोंपर्यंत हें कोणास कळत नाहीं. म्हातारा बैल चालत असतो तोंवर चालतो. एकदां बसला कीं उठत नाहीं, तशांतला हा प्रकार. म्हणून दीर्घकाळ वीज गेल्यानंतर न उठलेल्या यंत्रांत प्रथम याच कंडेन्सराचा संशय घ्यावा.

येथें विद्यार्थ्यांस एक निक्षून सांगणें आहे. हें झांकण एकट्यानें उघडूं नये. पिन काढली म्हणजे धोका संपला, असें समजणें चुकीचें आहे. आपल्या घरांतील २३० व्होल्टांची वीज आंत गेल्यावर मोठ्या कंडेन्सरांत सुमारें ३२५ व्होल्टांच्या दाबानें सांठते. यंत्र धड असेल, तर तो सांठा लवकर खर्ची पडतो. यंत्र मेलेलें असेल, तर तो खर्चण्यास कोणी नसल्यामुळें बराच वेळ तसाच राहूं शकतो. म्हणजे मेलेलें यंत्रच अधिक घातक! आम्हीं पिन काढून यंत्र रात्रभर ठेविलें, व सकाळीं मीटर लावून दाब शून्यावर आल्याची खात्री करून घेतली. सांठा उरलाच असेल, तर तो उतरविण्याचें काम जाणत्या माणसाचें आहे. मुलांनीं पाहावें, प्रश्न विचारावे, स्क्रू वाटींत जपून ठेवावे. हात घालूं नये.

झांकण उघडण्यापूर्वीं भिंतींतील सॉकेट, वायर आणि फ्यूज हीं तपासावीं. हें सांगणें पोरकट वाटेल. परंतु मुंग्यांनीं भरलेलें सॉकेट आम्हीं स्वतः पाहिलें आहे. आमचा फ्यूज शाबूत होता. संशयित कंडेन्सर ४७ मायक्रोफॅरडचा होता. काढून मापला, तों त्याच्यांत दशांश शक्तिही उरली नव्हती. नवा घेतांना मायक्रोफॅरडचा आंकडा तोच असावा, व्होल्टांचा आंकडा तोच किंवा अधिक असावा, आणि १०५ अंश उष्णता सोसणारा प्रकार मागून घ्यावा. कंडेन्सराच्या अंगावर ज्या बाजूस पट्टा असतो ती ऋण बाजू; ती उलट बसल्यास कंडेन्सर फुटतो. आम्हीं जुना काढण्यापूर्वीं कागदावर चित्र काढून घेतलें होतें. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर तो मिळाला. त्याच्या किंमतींत दोन कप चहाही आला नसता. तो कथलाचा डाग देऊन बसविला, शेजारचे तीन लहान कंडेन्सरही बदलले, झांकण लावलें आणि पिन लावली. घड्याळाचे हिरवे आंकडे लुकलुकूं लागले. माळ्यावर इतकीं वर्षें गेल्यामुळें वेळ अर्थातच चुकीची होती.

आमचा आनंद फार वेळ टिकला नाहीं. एक जुनी, गेली तरी चालेल अशी चित्रपटाची कॅसेट आंत घातली. (पहिली परीक्षा कधींही मोलाच्या कॅसेटीवर करूं नये.) यंत्रानें ती घेतली, आंत कुरकुर झाली, व कॅसेट परत बाहेर आली. कारण रबराचा पट्टा. फीत ओढून ड्रमाभोंवतीं गुंडाळणारे हात एका लहान मोटरीवर चालतात, व मोटरीची शक्ति रबरी पट्ट्यानें जाते. रबर जुनें झालें कीं सैल पडतें. कांहीं वेळां डांबरासारखें चिकट होतें. पट्टा सपाट दाबून त्याची लांबी मोजली, त्याहून किंचित् आंखूड पट्टा मिळविला, आणि चाकांच्या खांचा स्पिरिटानें पुसून तो चढविला.

एक गंमत येथें सांगण्यासारखी आहे. पट्टा बसविल्यावर आम्हीं झांकण न लावतांच यंत्र ओटीवर भर उन्हांत चालवून पाहिलें. तें कधीं मध्येंच थांबे, कधीं आपणहून फीत गुंडाळूं लागे. आम्हीं तासभर डोकें फोडलें. मग समजलें, कीं कॅसेटींतील फितीच्या दोन्ही टोंकांस पारदर्शक तुकडा असतो; मधोमध असलेला एक प्रकाशकिरण त्यांतून आरपार गेला, म्हणजे "फीत संपली" हें यंत्रास कळतें. आमच्या ओटीवरील ऊन त्या डोळ्यांवर पडत होतें, आणि बिचाऱ्या यंत्रास फीत घटकोघटकीं संपल्यासारखी वाटत होती! वर जाड पुठ्ठा धरतांच तें वळणावर आलें.

आतां आवाज आला, पण पडद्यावर नुसता बर्फ. हा दोष बहुधा हेडांवरील मळाचा असतो. हेडाचें टोंक फेराइटचें, कांचेसारखें ठिसूळ असतें. कापूस गुंडाळलेली काडी येथें चालत नाहीं; तिचे तंतू अडकून टोंक तुटतें. आमच्याकडे गुळगुळीत जाड कागदाची पट्टी होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजवून ड्रमास अलगद टेंकविली व स्थिर धरली. दुसऱ्या हातानें ड्रमाचा माथा धरून तो सावकाश फिरविला. पट्टी वर-खालीं घासावयाची नाहीं, हा नियम मोडूं नये. कागदावर तपकिरी रेघ उमटली, ड्रम सुकूं दिला, चित्र आलें.

एवढें झाल्यावर आजीची कॅसेट लावावी असें सर्वांच्याच मनांत आलें. आईनें तर देवघरांतून उठून खुर्ची पुढें ओढली. परंतु कॅसेटीच्या खिडकींतून पाहतों, तों गुंडाळलेल्या फितीच्या कांठावर पांढुरके ठिपके! ती बुरशी. माथेरानच्या पायथ्याशीं आणि बोरघाटाच्या तोंडाशीं राहणाऱ्यांस तिची ओळख करून देणें नको. जून ते सप्टेंबर चामड्याचे जोडे, पुस्तकें, पेटीवाजा, कशासही ती सोडीत नाहीं. अशी कॅसेट यंत्रांत घातल्यास फीत चिकटून तुटते, बुरशी हेडांवर बसते, आणि पुढें लावलेल्या प्रत्येक कॅसेटीस लागते. पावसाळ्यांत आणखी एक अडचण असते: थंड ड्रमावर दंव धरून ओली फीत त्यास चिकटते. पुष्कळ यंत्रांत हें दंव ओळखून यंत्र थांबविणारी सोय असते. तेव्हां यंत्र मोडलें असें न समजतां कांहीं तास थांबावें.

आम्हीं कोरड्या हवेची वाट पाहिली. मार्गशीर्षांत, उघड्यावर, नाकास फडकें बांधून कॅसेट उघडली. तिच्या पाठीस पांच स्क्रू असतात. दोन्ही रिळें बाहेर काढलीं, मऊ कोरड्या फडक्यानें फितीचे कांठ हलकेच पुसले, आणि रिळें दुसऱ्या स्वच्छ पेटींत बसविलीं. मग फीत एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत हातानें सावकाश फिरविली, फडक्याच्या दोन घड्यांमधून. या कामास दोन दुपारी लागल्या. एके ठिकाणीं फीत चिकटलेली होती. घाईनें ओढल्यामुळें तेथें चार बोटें तुकडा चुरगळला. तो दोष सर्वस्वीं आमचा.

लावण्यापूर्वीं यंत्र संगणकास जोडलें, कारण अशी फीत दुसऱ्यांदा चालेलच याचा भरवसा नसतो. पहिल्याच वेळीं नक्कल उतरून घ्यावी. चौकचा मांडव दिसला. रंग थोडे तांबूस झाले होते. जेथें खालच्या कांठावरील खुणा गेल्या होत्या तेथें चित्र थरथरलें, आणि वरच्या कांठास बुरशी लागली होती तेथें आवाज खोल विहिरींतून यावा तसा झाला. चुरगळलेल्या जागीं दोन-तीन सेकंद कांहींच नाहीं. घाणा भरण्याचा प्रसंग त्यानंतर आला. आजीचा आवाज मध्यें दोनदां बुडाला व पुन्हां वर आला, आमच्या मुलीनें विचारलें, "ह्याच का पणजी?" आई कांहीं बोलली नाहीं, ती पुढचे शब्द आजीच्या आधींच पुटपुटत होती.

ती कॅसेट आतां पूर्ण गुंडाळून, उभी, पत्र्याच्या घट्ट डब्यांत ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेविली आहे. दुसरी अद्याप उघडलेली नाहीं. तिच्यावर काय आहे हें घरांत कोणासच आठवत नाहीं. हा पाऊस सरला म्हणजे ती ओटीवर घ्यावयाची आहे.